हजेरीपट आणि महापूर

पावसाळ्यातील एखाद्या रात्री मराठवाड्याच्या आकाशाचा नूर अकस्मात पालटतो आणि सकाळी प्रशासनाचे आवाहन प्रसिद्ध होते : पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये, अनावश्यक प्रवास टाळावा. त्याच सकाळी त्याच जिल्ह्यातील शाळा, कचेऱ्या, बँका, दुकाने आणि कारखाने यांचे हजेरीपटही नेहमीच्या वेळी उघडले जातात. आवाहन सांगते, जीव जपा. हजेरीपट सांगतो, वेळेवर या. या दोन आज्ञांच्या मध्ये शिक्षक, कारकून, शिपाई आणि रोजंदार उभा असतो. आपला प्रवास 'अनावश्यक' आहे किंवा नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो निर्णय त्याने एकट्याने, ओढ्याच्या काठावर, पावसात भिजत घ्यावयाचा असतो. आणि निर्णय कोणताही घेतला तरी त्याची किंमत त्यानेच मोजावयाची असते.

युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हा प्रश्न हिवाळ्यात उभा राहतो. रस्ते बर्फाखाली गेले असता कामगाराने धडपडत कामावर पोहोचावे की घरी थांबावे, असा वाद तेथे दर हिवाळ्यात होतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, परंतु बर्फाच्या जागी पूर ठेवला की वाद जसाच्या तसा आपला होतो. फरक एवढाच की, तेथे त्याची उघड चर्चा होते आणि आपल्याकडे तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग मानला जातो.

गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या गावाकडून पाहिले असता या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे हे गाव ज्या तालुक्यात आहे, त्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते, दक्षिणेच्या अंगाने सिंदफणा जाते आणि मधल्या भागात ओढ्यानाल्यांचे जाळे आहे. गावातून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीस जाणारे, तेथून खेड्यांतील शाळांत शिकविण्यास येणारे आणि बाजारपेठेत मजुरीसाठी फिरणारे, अशा कितीतरी जणांच्या वाटेवर एखादा तरी ओढा वा फरशी पूल असतोच. बीड हा दुष्काळी जिल्हा, ही ओळख खरी असली तरी ती अपुरी आहे. ऑगस्ट 2006 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये गोदाकाठाने महापूर अनुभवला. 2025 च्या पुरात जायकवाडी धरणातून सुमारे 3 लाख क्युसेकने पाणी सोडावे लागले. ज्या जिल्ह्यात पाण्याअभावी माणसे गाव सोडतात, त्याच जिल्ह्यात पाण्यामुळे त्यांना गाव सोडता येत नाही, अशी ही विसंगती आहे.

धोका कोणाचा, निर्णय कोणाचा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता यातील मूळ मुद्दा धाडसाचा नाही किंवा कर्तव्यनिष्ठेचाही नाही. अनुपस्थितीची किंमत कोण देतो, हा तो मुद्दा आहे. कारण त्यावरच धोका कोण पत्करणार हे ठरते. एक दिवस न आल्यास ज्याचा पगार कापला जात नाही, तो आकाशाकडे पाहून शांतपणे निर्णय घेतो. न आल्यास ज्याची किरकोळ रजा खर्ची पडते, तो थोडा विचार करतो. वर्षाकाठी मिळणाऱ्या 8 दिवसांच्या किरकोळ रजेतून घरातील आजारपण, लग्नकार्य आणि मर्तिक भागवावयाचे असते. आणि न आल्यास ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटण्याची शाश्वती नसते, तो विचार करीतच नाही, पाण्यात पाय घालतो. तिघांसमोरील नदी एकच असते, पाणीही तेवढेच असते. त्यांच्या वागण्यातील फरक शौर्याचा नसून वेतनाच्या पद्धतीचा आहे.

आपल्या शेतीव्यवस्थेत हा फरक फार जुना आहे. पाडव्याला ज्याचे साल ठरते, त्या सालगड्याची मजुरी वर्षाची असते; सात दिवसांची झड लागली आणि औत जुंपता आले नाही, तरी त्या सात दिवसांचे नुकसान तत्त्वतः मालकाचे असते. रोजंदाराचे तसे नाही. झड लागली की त्याचा रोज बुडतो, म्हणजे पावसाचा सर्व भार त्याच्यावर पडतो. सालगड्याच्या पद्धतीत कर्ज आणि बांधिलकी यांचे जे दोष होते, ते कोणी नाकारणार नाही. तथापि पावसाची जोखीम कोणी उचलावी, या एका प्रश्नाला त्या जुन्या व्यवहारात निदान उत्तर तरी होते. आजच्या रोजंदारीत, कंत्राटी नेमणुकीत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापनात ते उत्तर राहिलेले नाही. ज्याला आपण आधुनिक व लवचिक रोजगार म्हणतो, त्याची लवचिकता बहुतेक वेळा कामगाराच्या पाठीच्या कण्यातून काढलेली असते.

जोखीम ज्याला अनेक दिवसांवर आणि अनेक माणसांवर विभागता येते, त्याने ती घ्यावी, हे विम्याचे साधे तत्त्व आहे. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले आणि त्यांतील 3 दिवस अतिवृष्टीमुळे संस्था बंद राहिली, तर तो काळ वर्षाचा एक टक्का होतो. एवढी तूट शाळेला दोन-तीन शनिवारी भरून काढता येते, कारखान्याला जादा पाळीत भरून काढता येते. मजुराला आपला आयुष्यरूपी साठा असा हप्त्याहप्त्याने खर्च करता येत नाही. तो एकदाच आणि सर्वच्या सर्व जातो.

शिवाय अशा दिवसाच्या हजेरीतून मिळते तरी काय? निम्मे कर्मचारी येत नाहीत, लोकांची ये-जा बंद असते, वीज गेलेली असते, संगणक चालत नाही. जे आले ते सही करतात, ओले कपडे वाळवीत बसतात आणि पाणी वाढण्यापूर्वी परत कसे जावे याची चिंता करतात. हजेरी होते, काम होत नाही. विद्यार्थ्यांना सुटी, परंतु शिक्षकांनी उपस्थित राहावे, असे आदेश अनेकदा निघतात, तेव्हा तर ही विसंगती टोकाला जाते. शाळा ज्याच्यासाठी आहे तो विद्यार्थी घरी सुरक्षित राहावा हे योग्यच; परंतु ज्या पुराच्या पाण्यामुळे विद्यार्थी थांबतो, ते पाणी शिक्षकाच्या दुचाकीला वाट देते, असा समज कोणत्या अनुभवावर आधारला आहे, हे कळत नाही. शिक्षकाने शाळेच्या गावीच राहावे, हा त्यावरील ठरीव युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तो वर्षभराच्या निवासाचा प्रश्न आहे. त्याचा निकाल पुराच्या दिवशी ओढ्यात लावण्याचे कारण नाही.

26 जुलैचा धडा

26 जुलै 2005 रोजी मुंबईत जे घडले, त्यातून आपण बरेच शिकलो असे म्हणतात. त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात मात्र 75 मिलिमीटरही झाला नाही. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना नव्हती. जेव्हा ती आली, तेव्हा लाखो माणसे जवळपास एकाच वेळी रस्त्यावर उतरली, रेल्वे थांबली आणि माणसे रात्रभर पाण्यातून चालत राहिली. शेकडो लोकांचा बळी गेला. त्या महापुराची कारणे शोधण्यासाठी डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. मिठी नदी, पर्जन्यजलवाहिन्या आणि भराव यांचा ऊहापोह झाला. तो आवश्यकच होता. पण पाणी वाहून जाण्याच्या मार्गांची जेवढी चिकित्सा झाली, तेवढी माणसे कामावर येण्याच्या आणि घरी जाण्याच्या सक्तीची झाली नाही.

त्यानंतर हळूहळू एक प्रथा रुजू लागली, हे मान्य केले पाहिजे. 2 जुलै 2019 रोजी राज्य शासनाने अतिवृष्टीमुळे मुंबईत सार्वजनिक सुटी दिली. 19 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई महापालिकेने शासकीय व निमशासकीय कार्यालयांना सुटी जाहीर केली आणि खासगी आस्थापनांनी कामाचे स्वरूप पाहून कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे, अशी सूचना केली. 2020 च्या महासाथीने पुष्कळशी कामे घरून होऊ शकतात हे सिद्ध करून ठेवले होते, त्याचा हा उपयोग. पण या सुधारणेची मर्यादा तिच्या शब्दांतच आहे. ज्याचे काम संगणकावर आहे त्याला घर हेच कार्यालय करता येते. इमारतीचा रखवालदार, उपाहारगृहातील आचारी, गोदामातील हमाल, घरोघरी पार्सल पोहोचविणारा तरुण यांनी घरून कोणते काम करावे? आणि न गेल्यास त्यांच्या त्या दिवसाच्या वेतनाचे काय? सूचनेत सुरक्षिततेचा उल्लेख असतो, पैशांचा नसतो. ज्या आवाहनात पैशांचा उल्लेख नाही, ते गरिबासाठी केलेले आवाहनच नव्हे.

परदेशांतील अनुभव येथे उपयोगी पडतो. फेब्रुवारी 1978 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रचंड हिमवादळ झाले, तेव्हा गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी राज्याच्या पूर्व भागात खासगी वाहने रस्त्यावर आणण्यास अनेक दिवस बंदी घातली. या बंदीचा एक गुण असा की, कामावर जावे की नाही हा निर्णय तिने एकेकट्या कामगाराच्या शिरावरून उतरविला. न जाणारा आळशी ठरला नाही, कारण कोणीच गेले नाही. जर्मनीने वेगळा मार्ग काढला. कडक थंडीत आणि बर्फात बांधकामे बंद पडतात व मजूर बेकार होतो, म्हणून 1959 पासून तेथे बांधकाम मजुरांना 'वाईट हवेचा भत्ता' देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे तिचे स्वरूप बदलले आणि 2006 पासून हिवाळी महिन्यांसाठी तिची जागा हंगामी भत्त्याने घेतली. पहिल्या उदाहरणात शासनाने निर्णय घेतला, दुसऱ्यात समाजाने किंमत दिली. आपल्याला या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतील.

कायदा वाटेपर्यंत आला

आपल्या कामगार कायद्यांत कामाची जागा बऱ्याच काळपर्यंत कारखान्याच्या दारापाशी संपत असे. दाराच्या आत झालेला अपघात मालकाचा, दाराबाहेरचा दैवाचा. 1936 च्या वेतन कायद्यात गैरहजेरीच्या प्रमाणात वेतन कापण्याची मुभा होती. 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. गैरहजेरी नदीमुळे झाली की निष्काळजीपणामुळे, याची विचारपूस त्या त्रैराशिकात नाही.

मात्र 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या बाबतीत महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार 2003 साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असता वाटेत अपघातात मरण पावला. तो कारखान्यापासून काही किलोमीटर दूर होता, तेव्हा हा कामावरील अपघात कसा, असा वाद झाला. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासातील अपघाताचा कामाशी वेळ, स्थळ आणि परिस्थिती या दृष्टींनी संबंध दिसत असेल, तर तो नोकरीच्या ओघात घडलेला अपघात मानावा, असा अर्थ न्यायालयाने 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचा लावला. कुटुंबाला न्याय मिळण्यास 22 वर्षे लागली, ही खेदाची गोष्ट. परंतु त्यातून निघालेले तत्त्व मोलाचे आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कामावर जाता-येतानाच्या अपघाताची अशी तरतूद आहे.

आता यापुढचा प्रश्न विचारावयास हवा. माणूस वाटेत मेला तर ती वाट कामाचा भाग होती असे जर कायदा म्हणतो, तर माणूस जिवंत असताना ती कामाचा भाग का मानली जाऊ नये? जी वाट मरणोत्तर भरपाईस पात्र आहे, तीच वाट धोक्याची आहे म्हणून थांबलेल्याची मजुरी कोणत्या न्यायाने कापावयाची? विधवेला भरपाई देण्यापेक्षा तिच्या नवऱ्याला एक दिवस घरी थांबू देणे केव्हाही स्वस्त आहे, एवढा हिशेब तरी मालकांनी आणि शासनाने करावा.

खाड्याची दहशत

बीड जिल्ह्यात या विषयाची चर्चा ऊसतोड मजुराला वगळून करता येत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील लाखो स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडीपर्यंत शरीर गहाण असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, उलट दंड. अवकाळी पावसात फडात चिखल झाला, गाडी फसली, तर तोड थांबते. मजूर पालात भिजत बसतो आणि मजुरी टनावर असल्यामुळे त्या दिवसाचे काहीच मिळत नाही. दिवस पावसाने बुडाला तर मजुरी नाही, आजाराने बुडाला तर वर दंड, असा हा व्यवहार आहे.

चुकलेल्या दिवसाची किंमत माणसाला कोठवर नेते, याचे उदाहरण याच जिल्ह्याने दिले. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. त्यामागे वैद्यकीय व्यवसायातील अपप्रवृत्ती, अज्ञान, भीती अशी अनेक कारणे होती. पण खाडा पडू नये, हे त्यांतील एक कारण होते, हे विसरून चालणार नाही. गैरहजेरीचा दंड किती भयंकर होऊ शकतो, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने हे दोन आकडे पुरेशा गांभीर्याने वाचावेत. पुराच्या पाण्यात पाय घालणारा रोजंदार आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपणारी ऊसतोड मजूर स्त्री, दोघेही एकाच हजेरीपटाला उत्तर देत असतात.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

अशी सवलत दिली तर लोक तिचा गैरफायदा घेतील, चार थेंब पडले की घरी बसतील, असा आक्षेप हमखास घेतला जाईल. काही जण तसे करतीलही. परंतु मूठभर कामचुकारांना वचक बसावा म्हणून दूरवरून येणाऱ्या प्रामाणिक माणसास पुरात लोटणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. शिवाय सवलत व्यक्तीच्या मर्जीवर न ठेवता पर्जन्यमापकाच्या नोंदीवर, हवामान खात्याच्या लाल इशाऱ्यावर आणि रस्ता बंद असल्याच्या अधिकृत माहितीवर ठेवली, की गैरफायद्यास फारशी जागा राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वांनीच घरी थांबावयाचे, तर आजाऱ्याकडे कोणी पाहावे? तुटलेली तार कोणी जोडावी? पूरग्रस्तांना बाहेर कोणी काढावे? परिचारिका, वीज कंपनीचे तारतंत्री, एस.टी.चे चालक-वाहक, तलाठी, पोलीस यांना जावेच लागते आणि ते जातात. समाज त्यांच्या या जाण्यावर उभा आहे. म्हणूनच त्यांना स्वतःच्या भरवशावर सोडणे अधिक गैर आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा दोन एस.टी. गाड्या चालक-वाहकांसह पुरात गेल्या. ती माणसे कर्तव्यावर होती. पूल धोक्याचा आहे हे पाहून तो बंद करणे हे त्यांचे काम नव्हते. ज्यांना बोलावणे अपरिहार्य आहे, त्यांना सुरक्षित वाहन, मुक्कामाची सोय, जादा मोबदला आणि विम्याचे संरक्षण देणे हे बोलावणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि ज्यांना बोलावणे अपरिहार्य नाही, त्यांनी रस्ते मोकळे ठेवले तर या लोकांचेही काम सोपे होते.

तिसरी अडचण आपल्या खेड्यांची आहे. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ज्याचे सोयाबीन त्याच पावसात सडले आहे, त्या शेतकऱ्याने मजुराला पावसाच्या दिवसाचा रोज कोठून द्यावा? त्याच्यावर ही सक्ती करता येणार नाही, आणि कोणी करूही नये. येथे भार सार्वजनिक निधीनेच उचलला पाहिजे. हे अशक्य नाही. बांधकाम खर्चावरील उपकरातून कामगारांच्या कल्याणाचा निधी उभारण्याची व्यवस्था 1996 च्या कायद्याने सुरू झाली, आणि 2021 च्या निर्बंधकाळात राज्य शासनाने नोंदित बांधकाम कामगारांच्या खात्यांवर 1,500 रुपये थेट जमा केले होते. 'सेवा' या महिला संघटनेने तर तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की श्रमिक महिलेच्या खात्यात आपोआप रक्कम जमा व्हावी, अशा विम्याचा प्रयोग केला आहे. जे उन्हासाठी होऊ शकते, ते पावसासाठी का होऊ नये?

काय करावयास हवे?

मागणी फार मोठी नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जेव्हा एखाद्या तालुक्यातील शाळांना सुटी जाहीर करावी, तेव्हा तोच आदेश त्या शाळांतील शिक्षकांना आणि अत्यावश्यक नसलेल्या सर्व कार्यालयांना लागू असावा, व तो आदल्या संध्याकाळी निघावा. सकाळी दहा वाजता निघालेला आदेश अर्ध्या वाटेवरील माणसाच्या उपयोगाचा नसतो. अशा दिवसाची अनुपस्थिती रजेच्या खाती टाकू नये आणि वेतन कापू नये. कंत्राटी, तासिका तत्त्वावरील आणि रोजंदार माणसास त्यातून वगळू नये, कारण खरी गरज त्यांनाच आहे. असंघटित मजुरांसाठी कल्याणकारी निधीतून 'पावसाच्या दिवसाचा भत्ता' द्यावा आणि ऊसतोडीच्या करारातून खाड्याचा दंड कायमचा हद्दपार करावा.

कामावर पोहोचण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात आदर असतो, आणि तो असावा. कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत पोहोचलेल्या गुरुजींचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते, त्यांचा सत्कारही होतो. त्या सत्कारात गैर काही नाही. परंतु त्या गावाला पूल का नाही आणि त्या दिवशी गुरुजींना बोलावले कोणी, हे दोन प्रश्न हारतुऱ्यांखाली झाकले जाऊ नयेत. निष्ठा ही माणसाने स्वेच्छेने द्यावयाची गोष्ट आहे. पगार कापण्याच्या धाकाने जी वसूल केली जाते, तिला निष्ठा म्हणत नाहीत. पाऊस कोणाच्या हाती नाही, हे खरे. हजेरीपट मात्र आपल्याच हाती आहे, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी त्यात एक नवा रकाना आखून घेणे आपल्याला निश्चित शक्य आहे.